राखीव वेळ कुठे गेला? प्रत्यारोपण विभागातील एका नवोदित मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाचे प्रकरण

या प्रकरणातील मानसशास्त्रज्ञ माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद होते. एक होता विभागप्रमुखांनी दिलेला वार्षिक मूल्यांकन अहवाल, ज्यात सलग तिसऱ्या वर्षी 'उत्कृष्ट' असा शेरा होता. दुसरे होते पदोन्नती समितीने मध्यावधी आढाव्यानंतर पाठवलेले पत्र. शैक्षणिक कामाचा पुरावा अपुरा असून हीच गती राहिल्यास सहयोगी प्राध्यापकपदासाठी शिफारस करणे कठीण होईल, असे त्यात लिहिले होते. दोन्ही कागद एकाच संस्थेचे होते आणि त्यांच्या तारखांमध्ये जेमतेम पाच आठवड्यांचे अंतर होते. "मॅडम, यातला खरा कोणता?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दोन्ही खरे होते, पण ते कसे, हे नीट समजायला मला तीन महिने लागले, आणि त्यातला काही काळ माझ्याच चुकीमुळे वाया गेला.

हे टिपण त्यांच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अंतिम मसुदा त्यांनी वाचलेला आहे.

पार्श्वभूमी

त्या चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट झालेल्या होत्या. दीर्घकालीन आजारातील निद्रेच्या तक्रारी हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न अशा एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी दोन वर्षे डॉक्टरेटोत्तर प्रशिक्षण घेतले आणि तिथेच सहायक प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटना डॉक्टरेटनंतरची पहिली 10 वर्षे 'नवोदित' काळ मानते. त्या हिशेबाने त्या या काळाच्या बरोबर मध्यावर होत्या: शिकाऊ म्हणून मिळणारी सूट संपलेली, पण ज्येष्ठांच्या शब्दाला असते ते वजन अजून आलेले नाही.

नेमणूक मानसोपचार विभागात होती, मात्र रोजचे काम अवयव प्रत्यारोपण केंद्रात होते. यकृत किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी आलेल्या प्रत्येक रुग्णाचे मानसशास्त्रीय मूल्यमापन त्यांना करावे लागे. रुग्णाला शस्त्रक्रियेचे स्वरूप आणि धोके समजले आहेत का, आयुष्यभर घ्यायची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तो नियमित घेऊ शकेल का, घरात काळजी घेणारे कोणी आहे का, नैराश्य, मद्यपान किंवा अन्य व्यसनाचा इतिहास काय सांगतो, या सर्वांचा शोध घेऊन दर आठवड्याच्या निवड बैठकीत त्यांना आपले मत मांडावे लागे. यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हे काम त्याच दिवशी उरकावे लागते. अशा रुग्णाची शुद्धही पुष्कळदा हरपलेली असते, त्यामुळे सारी माहिती भांबावलेल्या नातेवाइकांकडून गोळा करावी लागते. याखेरीज वॉर्डातील रुग्णांचे समुपदेशन, दोन प्रशिक्षणार्थींचे पर्यवेक्षण, निवासी डॉक्टरांसाठी संवादकौशल्याचे वर्ग आणि तीन समित्या, एवढा भार त्यांच्यावर होता.

वेतनाचा मोठा भाग प्रत्यारोपण केंद्र देत असे आणि पदोन्नतीची शिफारस मानसोपचार विभाग करत असे. केंद्राला त्यांचे मूल्यमापन अहवाल दिसत. विभागाला त्यांचे शोधनिबंध दिसायला हवे होते, आणि ते नव्हते. संपूर्ण माणूस आणि संपूर्ण आठवडा या दोहोंपैकी कोणालाच दिसत नव्हता. आरोग्य-विद्यापीठांत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या बाबतीत ही रचना इतकी नेहमीची आहे की तिच्याकडे अडचण म्हणून पाहायचे आम्ही सोडूनच दिले होते.

पहिला सल्ला आणि त्याचे अपयश

संस्थेच्या मार्गदर्शन योजनेतून त्यांचे नाव माझ्याकडे आले. मी त्याच विद्यापीठातील पण दुसऱ्या विभागातील असल्याने त्यांच्या मूल्यांकनाशी माझा संबंध नव्हता. पहिल्या भेटीत मी तासभर ऐकले आणि शेवटी तीन गोष्टी सुचवल्या: रोज सकाळी अर्धा तास लेखनासाठी ठेवावा, नव्या कामाला नाही म्हणायला शिकावे आणि एखादी समिती सोडावी. हा सल्ला मी त्याआधी अनेकांना दिला होता आणि तो मला व्यवहार्य वाटत असे.

सहा आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा एकही परिच्छेद लिहून झालेला नव्हता. अपराधी चेहऱ्याने त्यांनी मला कारणे सांगितली नाहीत, माफी मागितली. ती माफी ऐकताना मला प्रथम काहीतरी खटकले. सकाळी आठला पेजर वाजतो आणि अतिदक्षता विभागातील एका रुग्णाचे मूल्यमापन दुपारच्या बैठकीआधी हवे असते. तेव्हा 'नाही' म्हणायचे ते नेमके कोणाला? यकृताच्या प्रतीक्षेत असलेल्या त्या रुग्णाला?

माणसाच्या वागण्याचे कारण शोधताना परिस्थितीचा वाटा कमी धरायचा आणि स्वभावाचा जास्त, या प्रवृत्तीला ली रॉस यांनी 1977 मध्ये 'मूलभूत आरोपण प्रमाद' असे नाव दिले. हा प्रमाद मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. तरीही समोर एक थकलेली, कर्तबगार सहकारी बसलेली असताना मी तिच्या कामाची रचना न तपासता तिच्या सवयी तपासल्या. त्याहून गंभीर बाब म्हणजे माझ्या सल्ल्याने त्यांच्या अपयशात आणखी एकाची भर पडली. आधी फक्त शोधनिबंध लिहून होत नव्हते, आता मार्गदर्शकाने सांगितलेला अर्धा तासही पाळता येत नव्हता. मार्गदर्शनामुळे नुकसान होऊ शकते हे आपण फारसे बोलत नाही. माझ्या मते ते बहुधा असेच होते, चांगल्या हेतूने आणि हळू आवाजात.

चार आठवड्यांची नोंदवही

मग मी सल्ला थांबवला आणि त्यांना चार आठवडे वेळेची नोंद ठेवायला सांगितली. त्यासाठीचा तक्ता मी पूर्वीपासून वापरत असे. त्यात काम, सुरुवात, शेवट आणि 'हे टाळता आले असते का?' असे चार रकाने होते.

नेमणुकीच्या वेळी त्यांना 30 टक्के वेळ संशोधनासाठी राखीव असेल असे सांगण्यात आले होते. त्यांचा आठवडा साधारण 45 तासांचा धरला तर महिन्याला 54 तास व्हायला हवे होते. नोंदवहीत चार आठवड्यांचे मिळून 11 तास निघाले आणि त्यांतील बहुतेक रात्री नऊनंतरचे होते. मात्र त्या आकड्यापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती बाकीच्या वेळेची विगतवारी. औपचारिक मूल्यमापने अपेक्षेइतकीच होती. वेळ जात होता तो मार्गिकेत थांबवून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत, परिचारिकांना हाताळता न येणाऱ्या एखाद्या संतप्त नातेवाइकापाशी बसण्यात, निवड बैठकीत नाकारल्या गेलेल्या रुग्णाला ती बातमी कशी सांगावी हे निवासी डॉक्टरला समजावण्यात आणि रुग्ण दगावल्यानंतर त्या डॉक्टरशी बोलण्यात. केसपेपरवर या कशाचीच नोंद होत नव्हती. त्यातले बरेचसे काम प्रत्यक्षात शिकवण्याचे होते, पण ते वर्गात होत नसल्याने अध्यापन म्हणूनही मोजले जात नव्हते.

चौथ्या रकान्यात त्यांनी जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे 'नाही' लिहिले होते. काही ठिकाणी आधी 'हो' लिहून खोडलेले दिसत होते.

त्यानंतर मी त्यांना नेमणुकीचे पत्र आणायला सांगितले. त्यात 30 टक्क्यांचा उल्लेखच नव्हता. मुलाखतीनंतर विभागप्रमुखांनी तोंडी दिलेला तो शब्द होता, त्यांनी तो प्रामाणिकपणे दिला होता आणि प्रत्यारोपण केंद्राच्या प्रमुखांना तो कधी कळलाच नव्हता. राखीव वेळ कोणी चोरला नव्हता. तो मुळात कोणत्याही वेळापत्रकात अस्तित्वात नव्हता. नोकरी स्वीकारताना तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट पत्रात मागावी, हे आम्ही प्रशिक्षणार्थींना सांगत नाही, कारण कृतज्ञतेच्या त्या क्षणी असे मागणे उद्धटपणाचे वाटते. मला आता ते सांगणे मार्गदर्शकाचे कर्तव्य वाटते.

नाकारलेला रुग्ण

याच सुमारास एक घटना घडली. मद्यामुळे यकृताचा गंभीर दाह झालेल्या एका तरुण रुग्णाचे मूल्यमापन त्यांनी केले होते. दारू सुटून जेमतेम काही आठवडे झाले होते. त्यांच्या अहवालात धोके आणि आधार दोन्ही नोंदवलेले होते, पण बैठकीत चर्चा धोक्यांवरच झाली आणि रुग्णाला यादीत घेतले गेले नाही. तीन आठवड्यांनी तो दगावला. माझ्या खोलीत बसून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी त्याच्या बाजूने होते की दारावर उभी होते, हेच मला कळेनासे झाले आहे."

प्रत्यारोपणातील मानसशास्त्रज्ञाची ही कोंडी खरी आहे. रुग्णाला मदत करणे आणि दुर्मिळ अवयव कोणाला द्यावा या निर्णयात साक्ष देणे, ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे येतात. त्या दिवशी मला फार मोह झाला तो उपचारक होण्याचा. त्यांच्या दुःखाचे पदर मला दिसत होते आणि ते उलगडण्याचे कौशल्यही माझ्याकडे आहे. परंतु मानसशास्त्रज्ञाने मानसशास्त्रज्ञाला मार्गदर्शन करताना ही सीमा सांभाळावीच लागते. उद्या मीच त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिणार असेन, तर आज त्यांच्या मनाच्या तळाशी जाण्याचा अधिकार मला नाही. मी ऐकले, तो निर्णय संपूर्ण पथकाचा होता याची आठवण करून दिली, आणि वेगवेगळ्या रुग्णालयांतील प्रत्यारोपण मानसशास्त्रज्ञांच्या सल्लामसलत गटाशी त्यांना जोडून दिले. त्या गटातील कोणाचाही त्यांच्या नोकरीशी संबंध नव्हता. पुढे त्यांनी मला सांगितले की तिथल्या पहिल्या भेटीत इतर चौघांनी स्वतःचा असाच एकेक रुग्ण सांगितला, आणि त्याचा त्यांना माझ्या कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक आधार वाटला. मला यात कमीपणा वाटत नाही. एकाच मार्गदर्शकाने सगळे पुरवावे ही अपेक्षा मार्गदर्शकाला सुखावते, पण समोरच्याला उपाशी ठेवते.

कॅथी क्रॅम यांनी 1980च्या दशकात मार्गदर्शनाच्या संबंधांचा अभ्यास करून त्यातील कार्ये दोन गटांत मांडली. एका गटात कारकिर्दीची कार्ये येतात, म्हणजे पाठीराखेपण, लोकांसमोर येण्याची संधी, संरक्षण, आव्हानात्मक काम. दुसऱ्या गटात मनोसामाजिक कार्ये येतात, म्हणजे आदर्श, स्वीकार, समुपदेशन, मैत्री. मानसशास्त्रज्ञांचे मार्गदर्शन करणारे आम्ही सगळे दुसऱ्या गटात सहज रमतो, कारण ते आमच्या हाताचे काम आहे. पहिल्या गटातली कामे आम्हाला किंचित व्यापारी वाटतात आणि तिथे आम्ही कमी पडतो. माझ्या बाबतीत तरी हे खरे होते.

प्रश्न कामातूनच निघाला

त्या रुग्णाच्या मृत्यूनंतर त्यांनी एक गोष्ट केली जी मी सुचवलेली नव्हती. त्यांनी वाचायला सुरुवात केली. यादीत नाव घेण्यापूर्वी सहा महिने मद्य वर्ज्य असावे, ही अट जगभर अनेक केंद्रांनी दीर्घकाळ पाळली होती. 2011 मध्ये मातुराँ आणि सहकाऱ्यांनी फ्रान्स व बेल्जियममधील केंद्रांतून असे दाखवले की औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र मद्यजन्य यकृतदाहाच्या काळजीपूर्वक निवडलेल्या 26 रुग्णांना ती अट न लावता प्रत्यारोपण केले असता सहा महिन्यांनी 77 टक्के रुग्ण जिवंत होते, तर प्रत्यारोपण न झालेल्या तुलनात्मक रुग्णांत हे प्रमाण 23 टक्के होते. 'काळजीपूर्वक निवडलेल्या' या दोन शब्दांपाशी त्या थांबल्या. ती निवड म्हणजे त्यांचेच रोजचे काम होते, आणि आपल्या केंद्रात ती नेमकी कशाच्या आधारे होते हे कोणी तपासलेले नव्हते.

तोवर प्रबंधातील निद्रेच्या विषयावर लेखन करण्याची त्यांची धडपड चालू होती आणि मीही तिला प्रोत्साहन देत होते. पण त्या विषयाचे रुग्ण, त्याची माहिती आणि त्याचे सहकारी सगळे मागे राहिले होते. रात्री नऊनंतर त्या एका परक्या विषयात शिरत आणि सकाळी दुसऱ्याच जगात येत. तो विषय सोडून द्या, असे स्पष्ट सांगायला मला जड गेले, कारण त्यात त्यांची पाच वर्षे होती. तरी मी सांगितले. त्यांनी आठवडाभर उत्तर दिले नाही, आणि त्या आठवड्यात आपण अती बोललो की काय असे मला वाटत राहिले.

पुढची दिशा त्यांनीच ठरवली. प्रत्यारोपणासाठीच्या मनोसामाजिक मूल्यमापनाची 'सिपॅट' ही 18 घटकांची श्रेणी 2012 पासून प्रकाशित स्वरूपात उपलब्ध आहे. आपल्या मुलाखतीचा आराखडा त्यांनी तिला धरून प्रमाणित केला, एथिक्स कमिटीची परवानगी घेतली आणि मागील अहवालांच्या पुनरावलोकनाचा एक मर्यादित अभ्यास आखला: कोणत्या नोंदींचा बैठकीतील निर्णयावर प्रभाव पडतो आणि कोणत्या नोंदी लिहिल्या जाऊनही वाचल्याच जात नाहीत. यासाठी वेगळे रुग्ण किंवा वेगळा निधी लागत नव्हता. लागत होता तो वेळ.

1949 मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे झालेल्या परिषदेपासून चिकित्सा मानसशास्त्राच्या प्रशिक्षणात 'वैज्ञानिक-चिकित्सक' हा आदर्श मानला गेला आहे. आपण नवोदितांना हा आदर्श देतो आणि मग त्यांना अशा पदावर बसवतो जिथे विज्ञान रात्री आणि चिकित्सा दिवसा करावी लागते. दोन्ही एकाच कामात जुळवता आली तरच तो आदर्श टिकतो, हे मला या अभ्यासाच्या आखणीत प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

तिघांची बैठक

आता प्रश्न होता दोन्ही प्रमुखांना एका टेबलाशी आणण्याचा. मी स्वतः जाऊन बोलावे का, यावर मी बराच विचार केला. माझ्या ज्येष्ठतेमुळे काम लवकर झाले असते, पण त्यातून त्यांचे विद्यार्थिपण अधिकच पक्के झाले असते. त्यांचे मानसोपचार विभागातील प्रमुख हे त्यांचे डॉक्टरेटोत्तर पर्यवेक्षकही होते. बैठकीत ते शल्यचिकित्सकांना 'डॉक्टर' म्हणत आणि यांना सर्वांसमोर 'अगं, ते जरा सांग ना' म्हणत. त्यात प्रेमच होते. मात्र शिकलो तिथेच नोकरीला लागलेल्या माणसाच्या वाट्याला अशा प्रेमाची एक किंमत येते, कारण त्याचे मत मागितले जात नाही, त्याच्याकडून माहिती मागवली जाते. शिवाय या सद्गृहस्थांकडे तीन भूमिका एकवटल्या होत्या. ते वरिष्ठ होते, मूल्यांकनकर्ते होते आणि स्वतःच्या समजुतीने मार्गदर्शकही होते. पर्यवेक्षणात रुग्णाची जबाबदारी आणि मूल्यमापन अंगभूत असते. ज्याच्या हाती आपला शेरा आहे त्याला आपली खरी अडचण सांगणे कोणालाही अवघड जाते, म्हणूनच तीन वर्षे 'उत्कृष्ट' हा शेरा मिळत राहिला आणि अडचण कोणाला कळली नाही.

मी बैठकीला गेले नाही. त्याऐवजी आम्ही दोघींनी मिळून एक पान तयार केले. त्यावर चार आठवड्यांचे तास कामांनुसार विभागून दिले होते, खाली तोंडी कबूल केलेला वेळ आणि प्रत्यक्ष मिळालेला वेळ होता, आणि शेवटी एकच विनंती होती: आठवड्यातील दीड दिवस पेजरशिवाय. त्यात तक्रारीचा एकही शब्द नव्हता. त्यांनी दोनदा माझ्यासमोर ती मांडणी बोलून पाहिली. पहिल्यांदा त्यांनी सुरुवात "तुम्हाला त्रास देते आहे, पण" अशी केली. ते वाक्य आम्ही काढले.

प्रत्यारोपण केंद्राचे प्रमुख, जे स्वतः शल्यचिकित्सक होते, ते पान वाचून काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की मार्गिकेतल्या प्रश्नांमुळे आपण कोणाचा वेळ खर्च करतो आहोत याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. मानसोपचार विभागाचे प्रमुख मात्र दुखावले. ही गोष्ट आधी माझ्याकडे का आली नाही, असे त्यांनी विचारले, आणि पुढचे काही महिने त्यांच्या वागण्यात एक औपचारिक थंडपणा राहिला. या किमतीची कल्पना मी त्यांना आधी पुरेशी दिली नव्हती, ही माझी दुसरी चूक.

दीड दिवसाऐवजी एक दिवस मिळाला. तातडीची मूल्यमापने दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पाळीने वाटून घेण्याचे ठरले, नियमित मूल्यमापने चार ठरलेल्या अर्ध्या दिवसांत बसवली गेली आणि हे सगळे दोन्ही प्रमुखांच्या सह्यांनिशी पत्रात आले. अनपेक्षित लाभ म्हणजे तेच शल्यचिकित्सक पुढे त्यांचे पाठीराखे झाले. मद्यजन्य यकृतविकाराच्या रुग्णांसाठी केंद्राची नवी कार्यपद्धती लिहिणाऱ्या गटात त्यांनी यांचे नाव स्वतःहून सुचवले. मार्गदर्शक माणसाशी बोलतो, पाठीराखा माणूस समोर नसताना त्याच्याविषयी बोलतो. आणि पाठीराखा आपल्याच विद्याशाखेचा असावा लागत नाही.

पुढचे तीन वर्षांचे वळण

पदोन्नतीचे निकष आम्ही दोघींनी एकत्र, ओळीओळीने वाचले. आश्चर्य म्हणजे त्यांनी ते आधी कधी पूर्ण वाचले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या वर्षीची आवृत्ती मीही वाचलेली नव्हती. संशोधन मार्गाबरोबर चिकित्सक-अध्यापक असा दुसरा मार्ग त्यात होता. विद्वत्तेचे शोध, एकात्मीकरण, उपयोजन आणि अध्यापन असे चार प्रकार अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 मध्ये मांडले, आणि अशा मार्गांमागे तोच विचार आहे. तेथे कार्यपद्धती, अभ्यासक्रम आणि प्रशिक्षणार्थींचे मूल्यमापन यांनाही स्थान होते, मात्र ते लिखित आणि इतरांना तपासता येईल अशा स्वरूपात हवे होते. निवासी डॉक्टरांना मार्गिकेत उभे राहून जे त्या शिकवत, त्याचा त्यांनी सहा सत्रांचा अभ्यासक्रम केला: नकाराची बातमी कशी सांगावी, रुग्ण दगावल्यावर पथकाशी कसे बोलावे. प्रत्येक सत्राआधी आणि नंतर छोटी चाचणी ठेवली. तेच काम, पण आता त्याला नाव होते आणि त्याची नोंद होत होती.

मार्ग बदलणे त्यांना सुरुवातीला माघार वाटली. मोठ्या संशोधन-अनुदानासाठी अर्ज करावा अशी त्यांची इच्छा होती. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या के-23 सारख्या मार्गदर्शनाधारित अनुदानांना किमान 75 टक्के वेळ द्यावा लागतो; आठवड्यातील एक दिवस हातात असलेल्या व्यक्तीने तो अर्ज करणे म्हणजे नोकरीच बदलणे होय. नोकरी बदलण्याचा पर्याय आम्ही गांभीर्याने तपासला. त्यांना रुग्ण सोडायचे नव्हते. हे उत्तर त्यांच्याकडूनच यायला हवे होते आणि त्याला दोन महिने लागले.

अभ्यासाच्या लेखकक्रमाचा प्रश्न आम्ही माहिती गोळा करण्यापूर्वीच कागदावर सोडवला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष, म्हणजे भरीव योगदान, लेखनात सहभाग, अंतिम मान्यता आणि उत्तरदायित्व, त्यांनी सर्वांना आधीच पाठवले. मी मसुदे वाचले होते, पण लेखक म्हणून माझे नाव त्या चारांत बसत नव्हते. ते मी घालू दिले नाही. विभागप्रमुखांनी मात्र विश्लेषणात खरेच काम केले, आणि बहुधा त्या कामातूनच दोघांमधला थंडपणा विरघळला.

सगळे सुरळीत झाले नाही. आठ महिन्यांनी पाळी वाटून घेणारा सहकारी संस्था सोडून गेला आणि राखीव दिवस दोन महिन्यांत पुन्हा नाहीसा झाला. या वेळी पत्र हातात असल्याने त्यांनी स्वतः बैठक बोलावली, मला नंतर कळवले. शोधनिबंध दोन नियतकालिकांनी नाकारला; तिसऱ्याने मोठ्या दुरुस्त्यांनंतर स्वीकारला. पदोन्नतीचा प्रस्ताव चिकित्सक-अध्यापक मार्गातून गेला आणि मंजूर झाला. ज्या समितीने ते पहिले पत्र पाठवले होते, तिनेच निवासी डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा शिफारशीत विशेष उल्लेख केला.

आमच्या ठरावीक भेटी आता बंद झाल्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. नव्याने रुजू झालेल्या एका मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती आणि वेळेच्या नोंदीचा माझा तक्ता त्यांना हवा होता. मी तो पाठवला. दोन दिवसांनी त्यांनी तो मला परत पाठवला, एक बदल करून. 'हे टाळता आले असते का?' हा रकाना त्यांनी काढून टाकला होता आणि त्या जागी लिहिले होते: 'हे काम कोणाकडून आले, आणि ते तुमच्याकडे येते हे कोणाला माहीत आहे?' माझ्याकडील मूळ प्रत मी त्याप्रमाणे बदलून घेतली आहे.